हॅवलॉक-नील स्वस्तात करायचं तर आधी बोट, मग हॉटेल

प्रश्न सांगलीहून आलाय. नवरा-बायको, नववीतला मुलगा आणि सहासष्ट वर्षांच्या आई असे चौघं जण जानेवारीच्या उत्तरार्धात अंदमानला निघालेत. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत, हातात पाच रात्री आहेत. सेल्युलर जेल तर बघायचीच आहे, शिवाय हॅवलॉक आणि नील ही दोन बेटंही करायची आहेत. एका टूरवाल्यानं या दोन बेटांचा जो आकडा सांगितला, तो ऐकून त्यांनी विचारलंय: सरकारी बोटीनं हेच आपलं आपण केलं तर किती वाचेल? आणि आईंना बोट लागते, त्याचं काय करायचं?

पंधरा-सोळा वर्षं मी आठ-दहा जणांचे गट घेऊन अंदमानला जाते. माझ्या गटांत शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, एखादी बाळंतीण लेक आणि तिची आई अशी हिशेबानं चालणारी माणसं असतात. तेव्हा थोडं सविस्तरच लिहिते.

आधी पैशाचं बघू. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक अंतर साधारण चाळीस किलोमीटर. तिथं जायला दोन प्रकारच्या बोटी आहेत. अंदमान प्रशासनाच्या जहाज खात्याची सरकारी बोट सव्वादोन-अडीच तास घेते आणि तिचं तिकीट हजाराच्या आत असतं. मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी कंपन्यांच्या एसी बोटींचं तिकीट दीड-दोन हजार, वरच्या वर्गात त्याहून जास्त. त्यातल्या वेगवान बोटी दीड तासात पोचवतात. म्हणजे एका माणसामागे एका फेरीला सुमारे हजाराचा फरक. तुम्ही चौघं, फेऱ्या तीन: पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक, हॅवलॉक-नील, नील-पोर्ट ब्लेअर. बारा तिकिटं झाली. सगळी सरकारी मिळाली तर दहा-बारा हजार वाचले. टूरवाल्याच्या आकड्यात याशिवाय दिवसभराची गाडी, समुद्राकाठच्या रिसॉर्टची खोली आणि त्याचा स्वतःचा वाटा असतो. बरीच बचत तिथं होते. तिच्याकडे पुढे येते.

आता उलटी बाजू. सगळी बारा तिकिटं सरकारी बोटीची काढा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. अडीच तासांचा मला काही त्रास वाटत नाही, पण सरकारी तिकीट तुम्हाला महिनाभर आधी हातात मिळत नाही. बोटींचं वेळापत्रक प्रवासाच्या अगदी काही दिवस आधी ठरतं आणि तेव्हाच विक्री उघडते. जहाज खात्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून ऑनलाइन तिकीट काढता येतं, पण हंगामात ते बघता बघता संपतं. उरलेलं काम पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेटीवरच्या खिडकीवर. सांगलीत बसून हॉटेलं ठरवून ठेवलीत आणि तिथं गेल्यावर त्या दिवसाची बोटच मिळाली नाही, तर वाचवलेले बारा हजार हॉटेलवाल्याच्या खिशात जातात. माझ्या गटांत नव्या लोकांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. हॉटेल आवडतं, सवलत दिसते, 'परत न मिळणारे' पैसे भरून मोकळे होतात आणि बोटीचं 'बघू तिथं जाऊन'. बेटावर बोट ठरवते तुम्ही कुठं झोपणार ते.

म्हणून मी असं करते. परतीची फेरी, म्हणजे नील ते पोर्ट ब्लेअर, खासगी बोटीनं आणि महिनाभर आधी पक्की. ते पैसे जास्त गेले तरी चालतील. जाण्याची फेरी सरकारी. मधली, हॅवलॉक ते नील, जी मिळेल ती. अंतर थोडं आहे, तिकीटही कमी आहे. मग या तारखांभोवती हॉटेलं, आणि तीही शक्यतो रद्द करता येतील अशीच. जाण्याची सरकारी बोट नाहीच मिळाली तर आदल्या दिवशी खासगीची उरलेली एखादी जागा घ्यायची. जानेवारीच्या उत्तरार्धात नाताळ-नववर्षाची झुंबड ओसरलेली असते, त्यामुळे ती बहुतेक मिळते. फक्त २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर ते दिवस टाळा. चौघांसाठी अशी मिश्र तिकिटं काढूनही चारेक हजार, आणि मधली फेरीही सरकारी मिळाली तर सात-आठ हजारांपर्यंत वाचतात आणि रात्री झोप लागते.

नावांचा घोळ आधीच निस्तरून ठेवा. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर आणि संकेतस्थळावर ही नवी नावं दिसतील. रिक्षावाला, खाणावळवाला आणि बोटीवरचा खलाशी मात्र हॅवलॉक आणि नीलच म्हणतो. मीही सवयीनं तेच लिहितेय. आणखी एक घोळ जेटीचा. सरकारी बोट फिनिक्स बेवरून सुटते, खासगी बोटी बहुतेक हॅडो धक्क्यावरून. दोन्ही शहरातच आहेत, पण पहाटे पावणेसहाला चुकीच्या धक्क्यावर उभं राहिलात तर ते अंतर फार मोठं वाटतं. तिकिटावरचं जेटीचं नाव आदल्या रात्री रिक्षावाल्याला वाचून दाखवा.

खिडकीवर जायची वेळ आलीच तर काय होतं ते सांगते, कारण पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिथून हात हलवत परत आले होते. खिडकी उघडायच्या बऱ्याच आधीपासून रांग लागते. बेटांवरच्या रहिवाशांना सवलतीचं भाडं असतं, त्यांच्याकडे रहिवासी ओळखपत्र असतं, आणि त्यांच्यासाठी ही बोट म्हणजे आपली एसटी. कुणी आईला शहरातल्या दवाखान्यात आणलेलं, कुणाच्या हातात कोंबडीच्या पिल्लांची पाटी, कुणी परीक्षेहून परत निघालेला. त्यांना आधी तिकीट मिळालं म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. आपण हौसेला निघालोय, ते घरी. खिडकीवर एक फॉर्म असतो. त्यात प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स जोडायच्या. मी तेव्हा सहा जणांच्या गटाची फक्त स्वतःची झेरॉक्स घेऊन उभी होते. दीड तास रांगेत काढल्यावर आतल्या माणसानं फॉर्म परत सरकवला आणि पेनानंच दुकानाची दिशा दाखवली. झेरॉक्स काढून येईपर्यंत उद्याची बोट भरली होती. तेव्हापासून माझ्या पिशवीत प्रत्येकाच्या आधारच्या चार-चार प्रती असतात, एक जास्तीचं पेन असतं आणि फॉर्म शक्य तर आदल्या दिवशीच आणून भरून ठेवलेला असतो. मूळ ओळखपत्र बोटीवर चढतानाही लागतं. मुलाचं शाळेचं ओळखपत्र आहे म्हणून आधार घरी ठेवू नका.

आता दिवसांची मांडणी. पाच रात्री म्हणजे: पहिली पोर्ट ब्लेअर, दुसरी-तिसरी हॅवलॉक, चौथी नील, पाचवी परत पोर्ट ब्लेअर. ही पाचवी रात्र कापायचा मोह प्रत्येकाला होतो. नीलहून सकाळी निघून दुपारचं विमान धरता येतं की, मग एका रात्रीच्या खोलीचे दोन-अडीच हजार कशाला घालवायचे? मीही एकदा घालवले नव्हते. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, आम्ही सहा जण नीलवर. रात्री वारा सुटला. सकाळी जेटीवर गेलो तर समुद्र राखाडी, तिकीटखिडकीची फळी बंद, आणि पोर्ट ब्लेअरहून बोट सुटलेलीच नाही. कोकणातल्या माणसाला 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच झालं. दोन दिवस तिथंच. खाणावळवालीनं उधारीवर भात-मासे वाढले, कारण रोकड संपत आली होती. सहा जणांची विमानाची तिकिटं बुडाली आणि नवी ऐनवेळच्या दरानं काढावी लागली. अडीच हजार वाचवायला गेलेल्या बाईनं किती घालवले, तो आकडा मी अजून नवऱ्याला नीट सांगितलेला नाही.

आणि तो काही जगावेगळा प्रसंग नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळाची चिन्हं झाली तेव्हा हॅवलॉक-नीलवर सुमारे १४०० पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ तुलनेनं शांत. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि वादळं असतात, मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी. तुमची वेळ चांगली आहे, तरी पाचवी रात्र ठेवाच. बोट त्यांनी रद्द केली तर बोटीचे पैसे परत मिळतात, विमानाचे कुणी देत नाही.

याच कारणासाठी सेल्युलर जेल शेवटच्या दिवसावर टाकू नका. बहुतेक मराठी घरं असंच करतात. आधी 'मजा', शेवटी शांतपणे जेल. बोट एक दिवस हुकली की नेमकी जिच्यासाठी आलो तीच गोष्ट राहते. तुमचं विमान दुपारच्या आत उतरत असेल तर सामान टाकून थेट जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या इमारतीचे सात पंख होते, त्यातले तीन उरलेत. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढायचे आहेत, तेव्हा आईंना सावकाश न्या. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम तिकिटं उरली असतील तर त्याच दिवशी. शेवटच्या दिवसासाठी राहिलं तरी हळहळ वाटणार नाही अशा गोष्टी ठेवायच्या. त्यातली माझी लाडकी म्हणजे पोर्ट ब्लेअरमधल्या चाथमहून पलीकडच्या बांबू फ्लॅट गावाला जाणारी फेरीबोट. स्कूटरी, भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं, सगळं एकाच डेकवर. तिकीट चिल्लरीत, प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. चाथमची १८८३ सालची सरकारी लाकूड गिरणीही तिथंच आहे. दीड हजाराच्या 'हार्बर क्रूझ'पेक्षा मला हे आवडतं, आमच्या गटातल्या काहींना नाही आवडत.

आईंचं बोट लागणं. इथं सरकारी बोट उलट सोयीची आहे, हे कुणी सांगत नाही. खासगी बोटींत तुम्हाला बहुतेक वेळ बंद एसी केबिनमध्ये बसून राहावं लागतं, काचा मिठानं धूसर, वेग जास्त, आणि लाट आली की बोट आपटते. सरकारी बोटीत खाली खुर्च्यांचा एसी कक्ष असतो, पण वर उघड्या डेकवर जाता येतं. सुटल्यावर पहिली वीस मिनिटं बंदराच्या आत पाणी तेलासारखं सपाट असतं. रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, मागे पडलं की पहिला हेलकावा येतो आणि डेकवरच्या गप्पा एकदम थांबतात. त्या क्षणी आईंनी क्षितिजाकडे बघत उभं किंवा बसून राहायचं. मोबाइलमध्ये बघायचं नाही, पर्समध्ये काही शोधायचं नाही. बसायला बोटीचा मधला भाग, नाक म्हणजे पुढचं टोक टाळायचं. नाकावर फोटो छान येतो आणि तिथंच पोट सगळ्यात जास्त ढवळतं. उड्या मारणारे छोटे मासे पाण्यावरून सपकन उडत जाताना दिसले तर त्यांना दाखवा. माझ्या अनुभवात अर्ध्या लोकांची मळमळ तेवढ्यानंच विसरली जाते.

औषधाचं म्हणाल तर अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बोट सुटायच्या तास-दीड तास आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेतली तर फार उशीर झालेला असतो. तिनं गुंगी येते, आणि आईंना रक्तदाबाच्या किंवा आणखी कसल्या गोळ्या चालू असतील तर सांगलीतल्या तुमच्या डॉक्टरांना विचारूनच न्या. उपाशी पोटी चढायचं नाही आणि जेटीबाहेरचे गरम समोसे खाऊनही नाही. दोन बिस्किटं, थोडं पाणी आणि तोंडात आलेपाकाची वडी. आमची आजी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटीत पदराला आलेपाक बांधूनच चढायची. मी त्याला औषध म्हणत नाही, पण माझ्या पिशवीत तो असतो. सकाळची पहिली बोट घ्या. वारा सहसा दुपारी वाढतो.

सामानाची एक गोष्ट. सरकारी बोटीवर बॅग तुम्हीच चढवायची, तुम्हीच उतरवायची, तीही हलत्या फळीवरून. चाकांची मोठी बॅग तिथं काही कामाची नाही. मोठ्या बॅगा पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवा. पहिली आणि पाचवी रात्र एकाच हॉटेलात घेतलीत तर ते आनंदानं ठेवून घेतात. बेटांवर माणशी एक खांद्यावरची पिशवी पुरते.

हॅवलॉकवर उतरलात की जेटीवरच रिक्षावाले घेरतात. बेटावरच्या जागा क्रमांकांनी ओळखल्या जातात: जेटी एक नंबर, बाजार तीन नंबर गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, आणि सात नंबर म्हणजे राधानगर, टाइम मासिकानं २००४ साली आशियातला उत्तम किनारा म्हटलेला. राधानगर जेटीपासून बारा किलोमीटर. खोली सात नंबरला घेऊ नका, महाग आहे आणि संध्याकाळी जेवणासाठी रिसॉर्टच्याच स्वाधीन व्हावं लागतं. तीन आणि पाच नंबरच्या मधे कुठंतरी साधी खोली घ्या, रस्त्याच्या आतल्या बाजूची. 'सी व्ह्यू'चे पैसे भरून माणसं दिवसभर बाहेरच असतात. राधानगरला सरकारी बस जाते, फेऱ्या कमी आहेत. जाताना बस आणि येताना रिक्षा असं जमतं. तुम्ही दोघं स्कूटर चालवत असाल तर दिवसाला पाचशेच्या आसपास भाड्यानं मिळते, मग एका स्कूटरवर मुलगा आणि दुसरीवर आई. आईंना मागे बसायची सवय आहे का, ते तुम्हीच ठरवा. परवाना जवळ हवा, हेल्मेट मागून घ्यायचं.

इथं एक गंमत आहे जी पहिल्या दिवशी सगळ्यांना फसवते. अंदमान खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो, सांगलीपेक्षा जवळजवळ तासभर आधी. 'पाचला चहा घेऊन निघू' म्हटलंत तर राधानगरला अंधार बघाल. चारला तिथं असा. उलट पहाटे साडेपाचलाच फटफटतं, तेव्हा काळापत्थरच्या किनाऱ्यावर सूर्योदय फुकटात आणि गर्दीविना. राधानगरच्या कडेला नील कोव्ह म्हणून शांत पाण्याचा कोपरा आहे. तिथल्या मगरीच्या सूचनेची पाटी शोभेची नाही. २०१० साली तिथं एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. जीवरक्षक म्हणेल तिथंच पाण्यात उतरा.

एलिफंट बीचला जंगलातून पायवाटेनं जाता येतं, पण आई सोबत असताना चिखलातली ती चाल नको. बोटीनं गेलात तर स्नॉर्केलिंगसकट माणशी जे घेतात त्यात घासाघीस होते. त्यातही मुलगा आणि एकजण जा, बाकी दोघं काळापत्थरला. चौघांनी सगळं एकत्रच केलं पाहिजे, ही आपली सहलीची खोड फार महाग पडते.

नीलबद्दल मात्र मी जरा जास्तच बोलते, कारण स्वस्तात फिरणाऱ्यासाठी खरं बेट ते आहे. लहान आहे आणि बरंचसं सपाट, सायकलीवर होतं. गावांची नावं ऐका: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या विस्थापितांना या बेटांवर वसवलं, त्यामुळे भाषा बंगाली, अंगणात तुळस आणि केळी, आणि बेटभर भाजीचे मळे. अंदमानची बरीच भाजी इथून जाते. जेटीला लागूनच भरतपूरचा किनारा. तिथं काचेच्या तळाची बोट मिळते. आईंना पोहता येत नसेल, ओलं व्हायचं नसेल, तरी प्रवाळ आणि मासे खाली दिसतात. एका वेळचा खर्च करायचाच असेल तर तो इथं करा. बाजारात पाच-सहा खाणावळी आहेत. सकाळीच जाऊन 'दुपारी चार जण येतो' असं सांगून ठेवायचं, मग मोहरीच्या रश्शातला मासा आणि गरम भात मिळतो. शाकाहाऱ्यांना डाळ, भाजी, बटाट्याच्या काचऱ्या. न सांगता दोनला गेलात तर उरलेलं मिळेल. पोळी मागू नका, मिळाली तरी खंत वाटेल अशी असते. सांगलीचं भडंग मात्र भरपूर न्या. आमच्या गटात एकदा ते संध्याकाळच्या समुद्रावर एवढं संपलं की शेवटी खाणावळवालीच्या मुलांनी पिशवी उलटी करून झटकली.

लक्ष्मणपूरला 'हावडा ब्रिज' नावाची खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथं फक्त ओहोटीला जाता येतं, आणि खडकांवरून चालायचं असतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. ते गणित आपल्या किनाऱ्याचं. अंदमानात ते करून बसू नका. मी ते करून भरल्या पाण्यासमोर उभी राहिले आहे, सोबत अकरा माणसं. हॉटेलवाल्याला 'उद्या ओहोटी कितीला?' एवढं विचारा, त्याला तोंडपाठ असतं. चप्पल नको, मागे पट्टा असलेले सँडल घाला.

लहान बोटींच्या बाबतीत मात्र बचत करू नका आणि भीडही धरू नका. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली पर्यटक बोट बुडाली आणि २१ जणांचा जीव गेला. मुंबईजवळ बुडालेल्या 'रामदास' बोटीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. काचतळाची बोट असो की रॉसला जाणारी, जॅकेट आधी घालायचं, त्याचे बंद स्वतः ओढून बघायचे, आणि बोट खच्चून भरली असेल तर पुढच्या बोटीला थांबायचं. बोटवाला चिडतो, चिडू द्या.

रोकड पोर्ट ब्लेअरमधूनच काढून न्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली आणि हॅवलॉकला नेट बरंच सुधारलं, तरी नीलवर अजून रोखीचा भरवसा जास्त. तीन रात्रींच्या जेवणाचे, रिक्षांचे आणि वर एका जास्तीच्या रात्रीचे पैसे मी कायम वेगळ्या पाकिटात ठेवते. त्या डिसेंबरपासून. वाळूत बारीक चिलटं चावतात, संध्याकाळी पायांना खोबरेल तेल लावा. पाण्याची बाटली घरची न्या.

आणि आई किनाऱ्यावर शंख-शिंपले वेचतील. सगळ्याच आया वेचतात, माझी तर ओच्यात भरून आणायची. हातात घेऊन बघू द्या, फोटो काढा, आणि उठताना वाळूतच ठेवायला लावा. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि परतीच्या विमानतळावर बॅग तपासणीत असलं काही निघालं तर बॅग उघडून एकेक गोष्ट बाहेर काढतात. सरकारमान्य दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर तिची पावती वरच्या कप्प्यात ठेवा, आधारच्या झेरॉक्सच्या शेजारी.